डफाची थाप कुठल्या अक्षरावर पडते?

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात वैशाखातली शिवजयंती जवळ आली की पोवाडे लिहून मागण्याचा हंगाम सुरू होतो. मंडळांना चित्ररथासाठी हवा असतो, शाळांना कार्यक्रमासाठी, कुणाला निवेदनात चार ओळी हव्या असतात. मजकूर बहुधा ठरलेला येतो: पहिल्या ओळीत धन्य, दुसरीत देश, तिसरीत बलिदान, शेवटी जय. डफ जोरात वाजतो, माइक किंचाळतो आणि समोरचा माणूस निवांत शेंगा सोलत बसतो. दोष लिहिणाऱ्याच्या भावनेत नसतो. ओळ बांधायची कशी हेच कुणी शिकवलेलं नसतं, म्हणून हा लेख.

आधी एका शब्दाचा निकाल लावू. जुन्या मराठीत ‘देश’ म्हणजे घाटमाथ्यावरचा, कोकणाच्या वरचा मुलूख. आजही ‘देशावरचा माणूस’ म्हणतो तेव्हा तोच अर्थ असतो. ‘देशासाठी प्राण देणे’ हा अर्थ एकोणिसाव्या शतकात रुळला. म्हणजे १६५९ च्या अफझलखान वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा किंवा तानाजीच्या सिंहगडावरचा तुळशीदासाचा पोवाडा ज्या काळात गायला गेला, तेव्हा आज आपण ज्याला देशभक्ती म्हणतो ती सांगायला हा शब्द हाताशीच नव्हता. तरी ते पोवाडे अंगावर काटा आणतात. त्या भाषेत निष्ठेला दुसरी नावं होती: धनी, मुलूख, इमान, खाल्लेलं मीठ, निशाण. सगळी हातात धरता येतील, जिभेवर चव येईल अशी. ‘खाल्ल्या मिठाला जागला’ हे ऐकताना भाकरीचा तुकडा दिसतो. ‘राष्ट्रनिष्ठा’ ऐकताना काय दिसतं ते ज्याचं त्यानं ठरवावं.

आणि ते शब्द गाळीव मराठीही नव्हते. फौज, मोर्चा, तोफ, सरदार, शिलेदार, बारगीर, मुलूख, इमान हे सगळे फारसी-अरबीतून आलेले. आजचा हौशी कवी ते काढून ‘सैन्य’, ‘योद्धा’, ‘निष्ठा’ घालतो आणि भाषा शुद्ध केल्याचं समाधान मिळवतो. मग ओळीला खोगिराचा वास राहत नाही, शाळेच्या फळ्याचा येतो.

आता बांधणीकडे. पोवाड्याचा संच छोटा असतो: हातात डफ घेतलेला मुख्य शाहीर, मागे दोन-तीन झीलकरी, म्हणजे मागून सूर धरणारे साथीदार, तुणतुणं, झांज, जोडीला ढोलकी. सुरुवात नमनाने, मग एकेक चौक, म्हणजे काही ओळींचा गायचा टप्पा, दोन चौकांमध्ये बोलून सांगायचं गद्य, आणि शेवटच्या चौकात शाहिराची नाममुद्रा. यातली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे झील, झीलकरी मध्येमध्ये धरतात ते पालुपद. ‘जी जी रं जी’ हे भरताड आहे असं पुष्कळांना वाटतं. मात्रा मोजून बघा: जी २, जी २, रं २ (अनुस्वारामुळे गुरू, म्हणजे दोन मात्रांचं), जी २. बरोबर आठ. पोवाड्यात सर्वाधिक वापरलं जाणारं आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, आठ मात्रांचंच, ज्याला माधव जूलियनांनी ‘छंदोरचना’ या छंदशास्त्राच्या ग्रंथात पद्मावर्तन म्हटलं. म्हणजे झील हे एक आख्खं आवर्तन भरून काढते. शाहिराला श्वास मिळतो, ताल तुटत नाही, आणि एकट्याने सांगितलेल्या गोष्टीला चौघांचा होकार मिळतो. समूहाची निष्ठा पोवाड्यात कुठे असते असं विचारलं तर मी झीलकडे बोट दाखवेन. शाहीर सांगतो तो भूतकाळ, झीलकरी ‘जी’ म्हणतात ते आत्ता, या मांडवात. म्हणून झीलकऱ्यांना कोपऱ्यात एका माइकवर कोंबणं ही आपल्याकडची नेहमीची चूक. शाहिराचा आवाज दहा आणि झील दोन असं झालं की पोवाड्याचं भाषण होतं.

मात्रा मोजण्याचे नियम तीनच लक्षात ठेवावेत. ऱ्हस्व अक्षर १ (लघु), दीर्घ २ (गुरू). अनुस्वाराचा उच्चार स्पष्ट असेल तर ते अक्षर २. जोडाक्षराच्या आधीचं ऱ्हस्व अक्षर २, पण उच्चारात आघात येत असेल तरच. ‘शत्रू’मधला श आघात घेतो, म्हणून २, ‘तुझ्या’मधला तु घेत नाही, म्हणून १. हा तिसरा नियम डोळ्यांनी लावला की चुकतो, तोंडाने म्हणून लावावा.

आता ही ओळ घ्या, मुद्दाम वाईट बांधलेली:

धन्य धन्य ते | वीर आमुचे | देशासाठी | मेले

८, ८, ८, ४. मात्रेत खोट काढता येणार नाही. तरी ओळ मेलेली आहे, कारण ती कुणाचीही, कुठलीही आहे. ‘ते वीर’ कोण? पानिपतावरचे, खर्ड्यावरचे, कारगिलचे? ओळ बदलायची गरज पडत नाही, नाव बदललं की चालते. अशी ओळ प्रत्येक शाळेत चालते आणि कुठल्याच शाळेत लक्षात राहत नाही. आता त्याच मापात:

खिंड नेसरी, | समोर फौजा, | सातच घोडी | पुढे

८, ८, ८, ३. एक ठिकाण, एक अडचण, एक आकडा, एक दिशा. क्रियापदसुद्धा नाही. धन्य कोण ते ऐकणाऱ्याने ठरवायचं.

नेसरी मुद्दाम घेतली. गडहिंग्लज तालुक्यातलं हे गाव बेळगावाहून तास-दीड तासावर. २४ फेब्रुवारी १६७४ ला सरसेनापती प्रतापराव गुजर तिथे आदिलशाही सरदार बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि मारले गेले. आदल्या वर्षी उमराणीला पकडीत आलेल्या खानाला त्यांनी सोडून दिलं होतं, त्यावरून महाराजांचा रोष झाला होता. कुसुमाग्रजांची ‘वेडात मराठे वीर दौडले सात’ ही कविता या प्रसंगावरची. ती सगळ्यांना पाठ असते. तिचं यंत्र मात्र फार कमी जण उघडून बघतात. ध्रुवपद मात्रांत फोडलं की असं दिसतं:

वे | डात मराठे | वीर दौडले | सात

२, ८, ८, ३. पहिली दोन मात्रांची ‘वे’ तालाच्या बाहेर आहे. थाप ‘डा’वर पडते. ओळ तालाच्या आधीच निघालेली असते, थाप तिला मागून गाठते. ओळीच्या शेवटी ‘सात’च्या तीन मात्रा झाल्यावर आठात पाच उरतात, त्यातल्या दोन पुढच्या ओळीचं पहिलं अक्षर खाऊन टाकतं. विसाव्याला तीनच राहतात. घोडा टाकल्यावर थांबायला जागा नसते, तशी या ओळीलाही नाही.

आणखी एक. प्रत्येक कडव्याची शेवटची ओळ ‘सात’शी यमक जुळवते: रात, पात, निमिषात, दर्यात, वणव्यात. उल्का सात, खग सात. आकडा आधी संख्या असतो, मग नाद होतो, मग शेवटी तोच प्रसंगाचं नाव होतो. ‘देश’ हा शब्द कवितेत नाही. ‘शौर्यात’ असंही नाही, ‘वेडात’ आहे. सेनापतीने सैन्य मागे ठेवून सहा जणांनिशी धाव घेणं हे लष्करी शहाणपण नव्हे, हे कवीला ठाऊक आहे आणि त्याने ते पहिल्याच शब्दात कबूल करून टाकलं आहे. गौरव त्यानंतर येतो, म्हणून पटतो. आपल्याकडच्या नव्या पोवाड्यांत नायक कधीच चुकत नाही, आणि बहुतेक तिथेच ऐकणारा सुटतो.

याच्या शेजारी गदिमांचं ‘माणुसकीच्या शत्रूसंगे युद्ध आमुचे सुरू’ ठेवा. १९६३ च्या ‘छोटा जवान’मधलं, चीन युद्ध ताजं असतानाचं. मात्रा ८, ८, ८, ३. पहिलं अक्षर थेट थापेवर. शेवटी पाच मात्रांचा मोकळा विसावा. हे घोड्यावरचं काव्य नाही, पायदळाचं आहे; डावा-उजवा पडतो. ‘जिंकू किंवा मरू’ हे ८ आणि ३, म्हणजे मोठ्या ओळीचा नुसता शेपटाकडचा अर्धा. हजार माणसांना पहिल्या ऐकण्यात म्हणता येतं ते त्यामुळे. वसंत बापटांचं ‘सदैव सैनिका पुढेच जायचे’ आणखी वेगळ्या युक्तीने चालतं: लघु-गुरू, लघु-गुरू, सहा वेळा, एकही अपवाद नाही. स-दै, व-सै, नि-का. प्रत्येक जोडी म्हणजे एक पाऊल, तीन मात्रांचं. युद्धकाव्य लिहायला बसणाऱ्याने पहिला प्रश्न हाच विचारावा: माझी माणसं घोड्यावर आहेत, पायी आहेत की खंदकात बसून आहेत? भावना नंतर.

नवशिक्या ओळीत काय बिघडतं ते बघू:

नेसरीच्या खिंडीमध्ये सात वीर लढले

नेसरीच्या ७, खिंडीमध्ये ८, सात वीर ६, लढले ४. छापील कवितेत ही ओळ मोडकी. गाताना मात्र शाहीर ‘च्याऽ’ ओढून आठ करतो, ‘वीऽऽर’ ओढून आठ करतो आणि ओळ ताब्यात आणतो. पोवाड्याला इतकी लवचीकता आहे, म्हणून जुने पोवाडे कागदावर खडबडीत दिसले तरी घाबरू नये. पण ओढ कुठे पडते ते बघावं लागतं. इथे ती ‘वीर’वर पडली. सगळ्या ओळीतला सर्वांत भाबडा शब्द सर्वांत लांबला आणि ‘सात’ निसटून गेला. ओढ घ्यायचीच तर नावावर, आकड्यावर किंवा ठिकाणावर. विशेषणावर कधीही नाही.

आता सीमेच्या या बाजूची गंमत. कित्तूरच्या राणी चेन्नम्माच्या बाजूने इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णावर मराठीत पोवाडा लिहायचा झाला तर आठाचा साचा भांडायला लागतो. संगोळ्ळी: २, २, २, सहा. रायण्णा: २, २, २, सहा. चेन्नम्मा: सहा. कन्नडमधलं द्वित्त मराठीत आलं की आधीचं अक्षर गुरू करतं आणि नाव आपोआप जड, ठाशीव होतं. आठात बसवायला ‘तो’, ‘हा’, ‘तर’ असली ठिगळं लावावी लागतात. उपाय सोपा आहे, आवर्तन सहाचं घ्यावं, म्हणजे भृंगावर्तन:

संगोळ्ळी | रायण्णा, | नंदगडी | वड साक्षी

६, ६, ६, ६. झीलही मग ‘जी रं जी’ अशी सहाची करावी. आठाची झील सहाच्या चौकाला लावली की ढोलकीवाला गोंधळतो आणि लोकांना फक्त एवढंच कळतं की काहीतरी चुकलं. रायण्णाला २६ जानेवारी १८३१ ला नंदगडला फाशी दिली. नंदगड खानापूर तालुक्यात, मराठी बोलणाऱ्यांच्या गावांमध्ये. समाधीवरचा वड आजही तिथे आहे. त्यामुळे हा विषय ‘त्यांचा’ म्हणून सोडून देण्यात काही अर्थ नाही.

कन्नडची लावणी आणि गीगी पद ऐकलं की हे दोन प्रकार एकाच घरातले हे लगेच कळतं. तिथेही डफ, तुंतुणी, ताळ. तिथेही मुख्य गायकामागे ‘गी गी’ म्हणून साथ देणारे. आपल्याकडे कलगी-तुरा तसा तिकडे हरदेशी-नागेशी, शिव मोठा की शक्ती हाच वाद. हलगलीच्या बेडर जमातीने १८५७ मध्ये इंग्रजांना हत्यारं द्यायला नकार दिला, त्यावरची लावणी आजही कन्नड पाठ्यपुस्तकी चर्चेत असते. जे. एफ. फ्लीट या इंग्रज अधिकाऱ्याने अशा कन्नड लावण्या ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकात छापल्या, मराठी पोवाड्यांचा अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांचा संग्रह १८९१ चा. दोन्हीकडे साहेबाच्या राज्यातच लढाईची गाणी जमा झाली. सावरकरांच्या सिंहगड आणि बाजीप्रभूच्या पोवाड्यांवर पुढे बंदी आली ती याच समजुतीतून: विषय शिवकाळाचा असला तरी झील आत्ताची असते.

बेळवडीचा विषय मात्र खरी परीक्षा घेतो. बैलहोंगल तालुक्यातल्या बेळवडीच्या देसाईणीने १६७८ च्या सुमारास दक्षिणेतून परतणाऱ्या मराठी फौजेशी झुंज दिली. मराठी बखरीत तिचं नाव सावित्री, कन्नड परंपरेत मल्लम्मा. इथे ‘गनीम’ कोण? शेजारच्या धारवाड जिल्ह्यात यादवाडला महाराजांचं एक शिल्प आहे, ते तिनेच करवून घेतलं असं मानलं जातं. एकाच लढाईचे दोन चौक लिहिता येतात, एक तिच्या तटावरून, एक वेढ्यातून. दोन्ही चौकांना झील तीच ठेवावी. माझ्या मते सीमाभागातल्या कवीला मिळालेला हा सर्वांत चांगला विषय आहे, आणि तो सर्वांत कमी हाताळला जातो, कारण त्यात ‘आमचे’ आणि ‘त्यांचे’ पहिल्या ओळीत ठरवता येत नाहीत.

देवळांच्या आवारात दिसणारे वीरगळ, लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव स्मृतिदगड, हेही युद्धकाव्यच, फक्त दगडातलं. कन्नडमध्ये वीरगल्लु. ते खालून वर वाचायचे असतात: तळाच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत लिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. पोवाड्याचा क्रमही हाच, लढाई, मरण, कीर्ती. फरक एवढाच की दगड लढाईला एक चौकट देतो आणि नवा शाहीर तिच्यावर पाच चौक खर्च करतो. मग मरणाला वेळ उरत नाही.

वेळेचं गणित म्हणून आधीच करावं. आठ मात्रांचं आवर्तन साधारण दोन सेकंदांत जातं. चार आवर्तनांची ओळ आठ सेकंद. आठ ओळींचा चौक, मध्ये चार वेळा झील धरून, सव्वा मिनिट. शाळेच्या कार्यक्रमात दहा मिनिटं मिळाली तर नमन एक मिनिट, चौक चार, मधलं गद्य प्रत्येकी पाऊण मिनिट. दोन मिनिटं शिल्लक राहतील, ती टाळ्या आणि माइकच्या खरखरीला जातात. सहा चौक लिहून आणले तर दोन कापावे लागतात, आणि कापताना नेहमी शेवटचे कापले जातात. त्यापेक्षा चारच लिहावेत: तयारी, निरोप, झुंज, बातमी घरी पोहोचणं. शेवटचा चौक हळू लयीत घ्यावा आणि त्यात डफ जवळजवळ थांबवावा, तुणतुण्याची तार तेवढी चालू ठेवावी.

गद्य भाग बोलीत असावा. ‘खान येवो अथवा न येवो’ असं लिहून आणतात. त्याऐवजी ‘खान आला म्हणून काय झालं गा? घाबरतंय कोण हितं!’ म्हटलं की मांडव हसतो आणि पुढचा चौक ऐकायला सरसावून बसतो. काळही बदलावा. तयारीपर्यंत ‘निघाला’, ‘पोचला’. वार होतो तिथे ‘खान वाकतो, मिठी मारतो’. भूतकाळात वार केला की तो झालेला असतो, वर्तमानात केला की समोर होतो. खणखणाट, सळसळाट, धडधडाट हे शब्द चौकात एकदाच, जास्तीत जास्त दोनदा. ख, घ, ध, भ आणि जोडाक्षरं ओज देतात हे खरं, पण लागोपाठ आली की शाहिराचा दम आणि शब्दाचा अर्थ दोन्ही जातात.

आकडे आणि नावं मात्र सढळ हाताने. खर्ड्याच्या १७९५ च्या लढाईवर अनंत फंदीने सरदारांची नावं मोजून घातली. ऐकणाऱ्यांत त्या घराण्यांची माणसं असणार हे त्याला माहीत होतं. अण्णा भाऊ साठ्यांनी १९४३ मध्ये स्टालिनग्राडचा पोवाडा केला, व्होल्गेकाठची लढाई मुंबईच्या कामगारांसमोर ढोलकीवर उभी केली. त्यांनीच नंतर ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीत गिरणीकामगाराचा विरह सांगता सांगता बेळगाव, कारवारपर्यंत आणून सोडलं. तिथे लढाई आहे, शत्रूंची नावंही आहेत, पण गाणं पुन्हा पुन्हा मैनेच्या विरहाकडेच परततं. नकाशाच्या रेषेला बायकोच्या आठवणीचा आकार दिला आहे. हा विषय पोवाड्यात बसवला असता तर घोषणा झाली असती.

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, आणि तिच्या रणघोषात पोवाड्याचा सगळा सांगाडा एका ओळीत सापडतो. ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’. एकाने ‘बोल’ म्हणायचं, बाकीच्यांनी ‘जय’ द्यायचा: शाहीर आणि झील. विशेषणं नाहीत, देशाचं नाव नाही, एका माणसाचं नाव आहे. आणि व्याकरण बघा, ‘महाराजांचा’ नाही, ‘महाराज की’. मराठी पलटणीचा घोष हिंदी षष्ठीत, आणि कुणालाही कधी खटकलेलं नाही. तोंडात बसलेल्या लयीपुढे व्याकरणाचं काही चालत नाही.

राहिला डफ. कातडं पावसाळी हवेत सैल पडतं, आणि बेळगावचा गणेशोत्सव म्हणजे ऐन ओल. कार्यक्रमाआधी डफ निखाऱ्यावर, वीतभर अंतर ठेवून, फिरवत शेकावा. एकाच जागी धरला तर कातडं तडकतं. बोटाने टिचकी मारून ‘टण्’ आला की पुरे. मांडवात वाट बघत अर्धा तास गेला की तो पुन्हा उतरतो, तेव्हा शेगडी रंगमंचामागेच ठेवावी. आणि पहिली ओळ लिहिताना थाप कुठल्या अक्षरावर पडते तिथे पेन्सिलीने उभी रेघ मारून ठेवावी, म्हणजे ढोलकीवाल्याला विचारत बसावं लागत नाही.